कोनाड्यावरचं डांबर

मंगलच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी हातखंब्याला पंपावर गाडीत पेट्रोल भरत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी गाडी बाजूला घेतली, डायरी काढली आणि कुणाकुणाला कळवायचं ती नावं लिहायला लागले. रडू नंतर आलं. मंगलला आधी आलं असतं, आणि भोवती चार माणसंही जमली असती... ती माझी आतेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला जाऊन सहा आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायचं तर आधी हे कबूल करायला हवं की जन्मभर मला तिचा हेवा वाटत आला.

आमच्या गावामागच्या डोंगरात लेणी आहेत. गावातला माणूस पहिल्यांदा मुंबईला किंवा बोटीवर निघाला की पायथ्याच्या देवीला नारळ द्यायचा आणि वर जाऊन लेण्यात आपलं नाव लिहायचा. कुणी कोळशाने, कुणी खिळ्याने. अलीकडे त्यात सहलीला येणाऱ्यांचे रंगीत बदाम आणि मोबाइल नंबर मिसळले. मला तो सगळा एकच कचरा वाटे. सात वर्षांपूर्वी मी स्वच्छता मोहीम काढली. रीतसर परवानगी, वीस माणसं, बारा मऊ ब्रश, आठ बादल्या, प्यायला ताक. मंगल तासभर उशिरा, हात हलवत आली, आणि भिंतीसमोर उभी राहून नावं मोठ्याने वाचायला लागली. चौथ्या नावाला काशीकाकू बादली ठेवून पुढे झाल्या. ते त्यांच्या यजमानांचं नाव होतं. मुंबईला गेले ते परत आलेच नव्हते. काकूंनी त्या अक्षरांवर हात ठेवला, आणि पाच मिनिटांत माझी वीस माणसं मंगलची झाली. ताकसुद्धा तिनेच वाटलं.

मी चिडून विचारलं, "काय गो, मग ती लव्ह पिंकीपण जपायची का?"

"पिंकीवाला येईल गो ताई उद्या परत लिहायला. हे येणार आहेत का?"

मग तिथेच नियम ठरला. साध्या भिंतीवरची गावकऱ्यांची नावं ठेवायची. मूळ कोरीवकामावर लिहिलेलं मात्र काढायचं, मग ते कुणाचंही असो. वहीत नोंदी मंगलने करायच्या, काढायची यादी मी. नियम मी मांडला होता, शहाणी ती ठरली.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं होतं, "पुसलंत सगळं?" मला वाटलं, कौतुकाने विचारताहेत. मी म्हटलं, थोडं राहिलंय, पण पुढच्या वेळी कोरीवकामावर एक अक्षर ठेवत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि जेवायला काय केलंय ते विचारलं. पुढच्या वर्षी ते गेले.

कोरीवकामावरचं काढायला पुरातत्त्व खात्याचे जाणकार आता येणार आहेत. काय काढायचं त्याची यादी गावाने द्यायची आहे. म्हणून तेराव्यानंतर मंगलच्या मुलीने तिची वही माझ्याकडे दिली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'आतली खोली, कोनाड्याची कोरीव चौकट. डांबराने, दत्ताराम. मामांनी स्वतः आणून दाखवलं. नियमाने जायला हवं. मामा म्हणतात, ताईला विचार. ती पुस म्हणाली तर पुसा.'

दत्ताराम म्हणजे माझे बाबा. तारीख मोहिमेनंतरच्या आठवड्यातली. त्या दिवशी ते मला दाभोळला जुन्या खलाशी मित्राकडे जातो म्हणून सांगून गेले होते. घराच्या चार पायऱ्या गुडघे धरून चढणारा माणूस तिच्याबरोबर अख्खा डोंगर चढला होता... आणि मंगलने मला कधी विचारलंच नाही. मी काय म्हणेन याची तिला खात्री असावी. मला नव्हती. निदान विचारायचं तरी.

परवा मी एकटीच वर गेले. चौकटीच्या नक्षीत डांबर मुरलेलं होतं. पहिली बोट धरण्याआधीचं, वाकड्या 'द'चं ते नाव मी दोनदा वाचलं. कोरीवकामावर आणखी तीन घरांची नावं आहेत. त्यांना मी स्वतः जाऊन नियम समजावून आले होते. मी तिथेच बसून यादी पूर्ण केली आणि बाबांचं नाव चौथं लिहिलं. मंगलच्याने हे झालं नसतं.

यादी पोचती केली. काशीकाकूंच्या यजमानांचं नाव भिंतीवर राहील. बाबांचं आता फक्त त्या वहीत उरेल, आणि तेही मंगलच्या अक्षरात... तिच्या मुलीने वही दोनदा परत मागितली. देते म्हटलंय. अजून दिलेली नाही.