तुरीएवढा कोंब

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात मी दुर्बिणीनं आतडी तपासायचो, तेव्हा दुर्बीण धुणारे अण्णा माझ्या पाठीशी उभे राहून दुर्बिणीचा टीव्ही बघत. आतड्यात मांसाचा कोंब दिसला की त्यांचं माप ठरलेलं, मटकीएवढा नाहीतर तुरीएवढा.

एकदा मुडबीच्या एका बाईंची तपासणी उरकून मी दुर्बीण बाहेर घेत होतो, तोच अण्णा म्हणाले,

“साब, मागं चला. घडीआड कायतरी हाय.”

चिडूनच दुर्बीण पुन्हा आत सरकवली. आतड्याच्या घडीआड तुरीएवढा कोंब होता. कॅन्सर व्हायच्या आत निघाला.

“दिसला कसा, अण्णा?”

“दिसला कुठं? मेंढरं राखलेला माणूस मी. गोचीड दिसत न्हाई साब, तिथली लोकर येगळी बसती.”

आता अण्णांच्या जागी कॉम्प्युटरच पडद्यावर हिरवी चौकट काढून कोंब दाखवतो. चौकट उमटली की माझ्या तोंडून निघतं, “व्हय अण्णा.”