बायकांच्या पक्षाचं हळदीकुंकू

भवानी पेठेत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात सोनाबाई धागे कापायचं काम करते. शिवून आलेल्या सदऱ्यांचे लोंबते दोरे कातरायचे, घडी घालायची, ढिगावर टाकायची. सकाळी निघताना घोटभर चहा घेते, त्यानंतर संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवत नाही. उपास नव्हे. प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नाही. पुरुषांना अख्ख्या पेठेच्या भिंती मोकळ्या आहेत. या न पिण्यापायी तिला मुतखडा झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मावशी, पाणी भरपूर पीत जा. ती हो म्हणाली. त्यांच्या दवाखान्यात संडास होता, सांगायला त्यांचं काय जातंय.

अगदीच अंगावर आलं तर मशिदीकडच्या बोळातलं माजिदाआपाचं घर. आपा एकटी, विधवा बाई, मुलगा ताबीश परगावी नोकरीत. तिच्या अंगणात संडास आहे, त्याला आतून कडी आहे आणि बाहेर पाण्याचं पिंप. तेवढ्यावर आसपासच्या कारखान्यांतल्या बाया वर्षानुवर्षं निभावत आल्या. आपानं कधी कुणाला नको म्हटलं नाही, फक्त चपला बाहेर काढायला लावते. पण आता ताबीश ते घर पाडून नवं बांधणार होता. ईद झाली की कुलूप लागेल, असं आपानंच सांगितलं, आणि सांगताना आपला काही गुन्हा असल्यासारखी ओशाळली.

सोनाबाईनं आजवर सगळ्या पक्षांच्या सभांना बाया पुरवल्या आहेत. तिच्या शब्दावर गल्ली उठते, हे पेठेतल्या पुढाऱ्यांना ठाऊक आहे. दर निवडणुकीला तिचं मागणं एकच, बायकांसाठी मुतारी बांधा. दर वेळी उत्तरही एकच, झालंच म्हणून समजा मावशी. वॉर्ड बाईसाठी राखीव झाला तेव्हा तिला वाटलं, आता निवडून येईल तिला तरी हे कळेल. बाई निवडून आली. पण भेटायला गेलं की नवराच पुढं येऊन बसे आणि बाई आतून चहा पाठवी. चहा झकास असायचा, पण भरदिवसा सोनाबाईला तोही पिता यायचा नाही.

त्यामुळे उत्कर्षा नावाची मुलगी कारखान्याच्या दारात येऊन म्हणाली की आम्ही फक्त बायकांचा पक्ष काढलाय, तेव्हा सोनाबाईला ना आनंद झाला ना राग आला. पोरगी वकिली शिकलेली, जिभेवर साखर. दुसऱ्यांच्या पक्षात महिला आघाडी असते ती ओवाळायला आणि पुढच्या रांगा भरायला, ती सांगत होती. आपला वेगळा पक्ष झाल्याशिवाय आपले प्रश्न कुणी हातात घेणार नाही.

"पक्ष कुणाचाबी असू द्या की," सोनाबाई म्हणाली. "मुतारी कुटं बांदणार, त्ये सांगा."

उत्कर्षा हसली नाही, ही तिची जमेची बाजू. तिनं शब्द दिला, की समाजमंदिरात सभा घेऊ, बायांनी स्वतः उठून मागणी करायची, पहिला ठराव तोच. संक्रांतीचे दिवस होते. हळदीकुंकू ठेवलं तर बाया हमखास येतील, हे सोनाबाईनंच सुचवलं. दमली होती ती, पण कुलूप लागायच्या आत काही व्हायचं तर एवढीच एक आशा उरली होती.

आता हळदीकुंकवाचं आवतण विधवेनं द्यायचं नसतं, आणि सोनाबाईचा नवरा जाऊन काळ लोटला होता. म्हणून कुंकवाचा करंडा घेऊन शेजारची नरसम्मा पुढं आणि सोनाबाई मागं. सोनाबाई जिन्याखाली उभी राहून घर दाखवायची, वर जाऊन कुंकू लावायची ती नरसम्मा. जिथं नवरा नाही ते दार आपसूक मागं पडलं. मशिदीकडच्या बोळात तर त्या वळल्याच नाहीत. हे कुणी ठरवलं नव्हतं. प्रत्येक पक्षाच्या हळदीकुंकवाला सोनाबाई याच वाटेनं फिरत आली होती, पाय तसेच वळले.

दुपारची सभा छान भरली. ठेवणीतल्या साड्या, गजरे, तिळगूळ, वाणाला प्लास्टिकचे डबे. उत्कर्षा पोटतिडकीनं बोलली आणि शेवटी म्हणाली, आता मागणी तुम्ही मांडा. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. कपाळावर ताजं कुंकू, शेजारी सासू, मागं जाऊ, अशात संडासाचं नाव कोण काढणार? नरसम्मानं मान खाली घातली.

सोनाबाई दाराशी चहाच्या किटलीजवळ उभी होती. दर हळदीकुंकवाला ती तिथंच उभी असते. उत्कर्षानं तिला हाक मारली, मावशी, तुम्हीच बोला. ती एक पाऊल पुढं आली. तेवढ्यात कुणीतरी हलकेच म्हणालं, "वाण वाटून हू द्या की आदी." वाईट हेतूनं नव्हे, रीत म्हणून. सोनाबाई थांबली. वाण वाटून झालं आणि डबे घेऊन बाया उठल्या. ठराव राहिला तो राहिलाच.

हॉल रिकामा झाल्यावर उत्कर्षानं तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मावशी, इथं जवळपास जायला कुठं आहे? सोनाबाईनं तिला बोळात नेलं.

माजिदाआपानं दार उघडलं. पोरीच्या कपाळावरचं कुंकू तिनं पाहिलं, हातातला डबा पाहिला आणि आत बोट दाखवलं. "तुम्ही आला नाहीत सभेला?" चपला काढता काढता उत्कर्षानं विचारलं आणि उत्तराला न थांबता आत पळाली.

आपा उंबऱ्यावर बसली. सोनाबाई पायरीवर टेकली.

"बायकांची सभा होती म्हणे."

"व्हय."

"हमें औरतां नईं क्या, सोनाबाई?"

आपा रागावलेली नव्हती, तसं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, मला बोलावलं असतंस तर भर सभेत मी संडास म्हणाले असते, मोठ्यानं. अख्खी पेठ माझ्या अंगणात येऊन जाते, मला कसली लाज. मग म्हणाली, "पार्टी नवी काढली तुमी. आवतण जुनंच ठेवलं."

विसरले, असं सोनाबाईला म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"सुचलंच न्हाय, आपा," ती म्हणाली. "मी मला तरी कुटं बोलावलं हुतं?"

आपा उठून आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. सोनाबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि भर दुपारी सगळा रिता केला.

आत कडी वाजली. उत्कर्षा पदरानं हात पुसत बाहेर आली, काहीतरी बोलणार होती. सोनाबाई उठली, पायरीखाली चपला काढल्या आणि तिच्या शेजारून आत गेली. ईदपर्यंत दार उघडं होतं.