तळहातावरचं रान

काकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काकू म्हणाल्या, "सुमन, सकाळी चहा घेतला अन् खुर्चीतच..." समोरच्या पिंपळावर तांबट पक्षी टुकटुक करत होता. हे काकाजींना सांगायला पाहिजे, असं मनात आलं, आणि मग फोनवर आपण काय ऐकलं ते कळलं. त्याला आता सव्वा महिना झाला.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं एकत्र घर बोरगाव मेघेत, भांड्यांचं दुकान वर्ध्याच्या बाजारात. भांड्यांवर नावं ते स्वतः घालायचे, छिन्नीनं ठिपका ठिपका ठोकून, आणि हाताबरोबर तोंडही चालू. गिऱ्हाईक वाटी घ्यायला यायचं आणि पातेलं घेऊन जायचं. नव्वदच्या दशकात होळीनंतर कधीतरी रविवारी मेटॅडोर ठरवून आम्ही सगळे बोर धरणाकडे रोडग्यांच्या पार्टीला निघायचो. जंगलाच्या गेटाबाहेर गोवऱ्या पेटायच्या, निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजत पडायचे, बायका वांगी चिरायच्या, पुरुष पत्ते कुटायचे. काकाजी मला डोळ्यानं खुणावत. मग आम्ही दोघं गेटावर नाव लिहून आत जायचो आणि एका मोहाखाली बसायचो. तिथं हा बडबड्या माणूस गप्प व्हायचा. मी चुळबुळ केली की म्हणायचे, "काऊन उठून राह्यली? बस थोडी. रानाले बोलू दे ना."

पक्ष्याचं खरं नाव त्यांना एकाचंही येत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. तांबट म्हणजे "आपल्या धंद्यातला", कारण तोही दिवसभर नावं घालत बसलेला. टिटवी म्हणजे घरमालकीण. आणि पावशा, ज्याचा आवाज चढत चढत जातो, ऐन वेळी तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, ती आमची नागपूरची आत्या, तिचं गोष्ट सांगणंही तसंच. एकदा वाटेत भेटलेल्या वनरक्षकाला काकाजी सहज बोलून गेले, "आमची नागपूरची आत्या तिकडं नाल्यात केव्हाची वरडून राह्यली." तो बिचारा काठी घेऊन नाल्याकडे पळाला. खरं कळल्यावर रागावला, पण आमच्याकडचे रोडगे खाऊन गेला, आणि पुढं कधीही भेटला की आत्याची तब्येत विचारायचा.

दोन हजार साल उलटलं आणि काकाजींचे कान गेले. मशीन आणलं, ते नुसती शिट्टी मारायचं. दुकानात ओठ वाचून भागायचं, पण झाडाला ओठ कुठले? त्यांनी बोरला जाणं सोडलं. "मले काय आहे आता तिथं?" म्हणायचे, "पिच्चर पाहाले जायचं अन् आवाज बंद." रविवारी खिडकीकडे पाठ करून बसायचे. तो माणूस आमच्या डोळ्यांसमोर विझत होता आणि काकूंना काय करावं सुचत नव्हतं.

एका वर्षी होळीला माहेरी आले तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं. पळस फुलला होता, मोहाखाली गोडसर, जड वास होता. आम्ही बसलो. तांबट सुरू झाला. काकाजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांचा तळहात मांडीवर घेतला आणि बोटानं ठोकायला लागले, त्याच्याच लयीत. त्यांची नजर माझ्या बोटावर आली, मग ते पुटपुटले, "नाव घालून राह्यला?" थोड्या वेळानं पावशा आला. मी बोट त्यांच्या मनगटापासून वर वर नेलं आणि कोपरापाशी उचलून घेतलं. ते खदखदून हसले. "तुटली ना? तुटनारच ते." मला रडू आलं, ते त्यांना दिसलं.

मग दरवर्षी तसंच. शेवटचे गेलो ती दुपार अगदी मुकी होती. पानसुद्धा हलत नव्हतं. माझं बोट त्यांच्या हातावर नुसतं पडून होतं. ऊन पायाशी सरकलं, मला पेंग यायला लागली... आणि कधीतरी त्यांनी माझा हात उलटा केला आणि तळहातावर ठोकायला सुरुवात केली. मी कान देऊन ऐकलं. रानात काहीही नव्हतं.

"येऊन राह्यला ना ऐकू?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. त्या क्षणी ते खोटं वाटलं होतं, आता वाटत नाही.

तेरवीनंतर काकूंनी मला पितळेचा गडवा दिला. रानात पाणी न्यायचो तो. त्यावर माझं नाव आहे, काकाजींनीच ठोकलेलं. तो आता माझ्या गॅलरीत असतो. तांबट बोलायला लागला की मी त्या ठिपक्यांवर बोट ठेवते आणि बरं वाटतं. पावशा आला की मात्र पंचाईत होते. आपल्याच मनगटापासून आपलंच बोट वर न्यावं लागतं, कोपरापाशी उचलावं लागतं, आणि तुटली ना, असं विचारणारं कोणी नसतं.