कासिल्दाची जागा

कासिल्दा हट्टी. एवढं सांगितलं की तिच्याबद्दल निम्मं सांगून झालं. उंचावरच्या थंड पोतोसी गावात मठाच्या दाराशी ती जांभळ्या मक्याचं गरमागरम पेय, आपी, विकते आणि शेजारी मी सोबतच्या पुऱ्या तळते. दूरदेशचे प्रवासी मठाच्या गच्चीवर चढण्याआधी हमखास विचारतात, "वरून काय दिसतं?"

"सगळं दिसतं!" कासिल्दा ठोकून देते. स्वतः जन्मात कधी वर गेली नव्हती. गावचं माणूस कशाला जातंय?

मग तिच्या मुलीने, योवानाने, तिला कायमचं आपल्याकडे, सांता क्रूज शहरात न्यायचं ठरवलं. तिथे खाली हवा उबदार, दम लागत नाही, गुडघे कुरकुरत नाहीत. कासिल्दा चक्क हो म्हणाली. मला इतका राग आला की मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं आपल्या जागेवर रंगीत कापड अंथरून वर दगड ठेवला. कापडावर दगड असला की जागा धरलेली आहे, हे इथे शेंबडं पोरही जाणतं.

"चल," मला म्हणाली.

"कुठे?"

"वर. प्रवाशासारखं तिकीट काढून. माझं गाव एकदा डोळे भरून बघते, मग जाते."

"गुडघ्यांना विचारलंस का?"

"त्यांना कोण विचारतंय!"

दम लागू नये म्हणून गालात कोकाची पानं धरून निघालो. दर वळणावर ती भिंतीला टेकायची आणि गुडघ्यांना शिव्या घालायची. परत फिरू या म्हटलं, तर म्हणाली, "तू फीर. मी बसेन, पण फिरणार नाही."

वर वारा टोप्या उडवू बघत होता. समोर लाल कौलं, घुमट आणि तो आमचा तांबडा डोंगर. "ते बघ माझं घर!" ती ओरडली. "पत्र्यावर टायर ठेवलेलं!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

"नको ना गं जाऊस," मी म्हटलं.

"ठरलं ते ठरलं."

मग तिने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. अंडीवाली नेमेसिया मठाच्या दाराशी, आमच्या जागेपाशी आली. तिने दगड बाजूला सारला, कासिल्दाच्या कापडाची नीट घडी घातली आणि टोपली घेऊन ऐसपैस बसली.

"अगं, तू उद्या जाणारच आहेस," मी म्हटलं.

"उद्या! आज तर आहे ना मी? मेले नाही अजून!"

काय ती उतरली! मीच मागे राहिले.

"ऊठ," ती नेमेसियाला म्हणाली.

"कासिल्दाबाई, तुम्ही तर चाललात ना? म्हटलं, जागा रिकामी कशाला..."

"रिकामी? ऊठ आधी!"

नेमेसिया उठली. कासिल्दाने कापड पुन्हा पसरलं, दगड ठेवला आणि चूल पेटवली.

दुपारी योवाना बॅग घेऊन आली. "आई, सामान आवरलंस का?"

कासिल्दाने पेला भरून तिच्यापुढे धरला. "बस. हे गरम आहे तोवर पी. आणि उद्या तुझी एकटीची गाडी किती वाजता, ते सांग."