मागून येणारी गाडी

ठरलेल्या रस्त्यावर बसकाकांसारखा माणूस शोधून सापडला नसता. कुठल्या थांब्यावर कोणाची आई अजून वेणीच घालत असते, कोणाला खिडकीशी बसवलं की उलटी होते आणि कोणाला नाही बसवलं की रडू फुटतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण रस्त्याला फाटा फुटला की गृहस्थ गांगरलेच. दुकानदाराने दोन रंगांचे शर्ट पुढ्यात टाकले तर ते एकही न घेता घरी येत. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "नशीब माझं, यांना जन्मात एकच मुलगी आवडली. दोन आवडल्या असत्या तर अजून विचार करत बसले असते."

शाळेची पिवळी बस त्यांनी इतकी वर्षं चालवली की वस्ती त्यांचं खरं नाव विसरून गेली. एकदा बँकेत कारकुनाने पूर्ण नावाने हाक मारली, तर हे स्वतःच मागे वळून बघायला लागले. जेवायला बसले तरी तोंडात "मागे सरका, मागे जागा आहे." घरात माणसं दोन, आणि काकूंच्या मागे भिंत.

वस्ती शहराच्या कडेला निवांत पडलेली होती. मग तिला भरभराटीने गाठलं. उंच इमारती उठल्या, रस्ता रुंद झाला, रुंद करताना कडेची पायवाट उखडली ती उखडलीच, आणि सिमेंटचे मिक्सर नि वाळूचे ट्रक दिवसभर धावू लागले. माणसं वाढली, मुलं वाढली, तेव्हा शाळेला पैसा जास्त मिळेल असं तुम्हाआम्हाला वाटणार. तुम्हाआम्हाला काय कळतंय! नगरपालिकेने नेमका शाळेचाच पैसा कापला. आधी चित्रकलेचे सर गेले, मग ग्रंथालयाला कुलूप लागलं, आणि मग बसची पाळी आली.

"पैसाच नाही हो, काका," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बोलताना त्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बसकडे बघत होत्या, कारण काकांकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"मग मुलं येणार कशी?"

"चालत."

"त्या रस्त्याने?"

बस विकली गेली आणि काका घरी बसले.

आईबापांनी आरडाओरडा केला, आणि नगरपालिकेने तो ऐकला. म्हणजे तिच्या पद्धतीने ऐकला. सार्वजनिक सुरक्षेचं खातं वेगळं होतं आणि त्या खात्याचं पोट भरलेलं होतं. त्यातून एक पांढरीशुभ्र गाडी आली. टपावर फिरता दिवा, आत मागे दोन लांब बाकं. तिचं काम काय, तर सकाळ-दुपार मुलं रस्त्याने चालत असताना त्यांच्या मागून हळूहळू जायचं. त्यासाठी रस्त्याची आणि मुलांची माहिती असलेला चालक हवा होता. असा माणूस वस्तीत एकच. काकूंनी नवा गणवेश कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात दिला आणि कितीतरी दिवसांनी घरात हसण्याचा आवाज आला.

पहिल्या दिवशी मुलं सवयीने जुन्या थांब्यांवर उभी राहिली. काकांनी सवयीने गाडी थांबवली आणि सवयीने मागचं दार उघडलं. मुलं सवयीने चढली. शाळेच्या फाटकाशी सुरक्षा खात्याचे गस्तीचे साहेब उभे होते. त्यांना यातली कसलीच सवय नव्हती.

"हे काय?" साहेब म्हणाले. "गाडीत विद्यार्थी बसवायचे नाहीत."

"पण साहेब, गाडी रिकामीच येते."

"येऊ द्या. मुलांची ने-आण हे शाळेचं काम. आपलं काम म्हणजे मुलांचं रक्षण."

"मग आत बसवूनच रक्षण केलं तर?"

साहेबांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "मग ती ने-आण झाली ना, काका."

काका दिवसभर यावर विचार करत राहिले. वाक्यातला प्रत्येक शब्द त्यांना कळत होता, पण सगळं मिळून काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशातली गत. फक्त इथे मागच्या बाकावर भरलं ताट तसंच पडून होतं.

दुसऱ्या दिवसापासून मुलं पुढे आणि गाडी मागे. रिकामी बाकं खडखडत, दिवा फिरवत, पहिलीतल्या पोरांच्या चालीने गाडी चाले. त्या घोळक्यात सगळ्यात मागे रेंगाळणारी एक तिसरीतली मुलगी होती. इस्त्रीवाल्या बाईंची एकुलती एक. प्रश्न विचारून विचारून तिने सगळ्यांना इतकं हैराण केलं होतं की शाळेत तिला 'चौकशी' म्हणत. ती उलटी चालत काकांशी खिडकीतून बोलायची.

"काका, गाडीत कोणी आहे?"

"नाही. पुढे बघून चाल."

"मग आम्ही का चालतोय?"

"नियम आहे."

"कोणाचा?"

काकांनी हॉर्न वाजवला. रात्री त्यांनी तोच प्रश्न काकूंना विचारला, तर काकू म्हणाल्या, "अहो, पगार मिळतोय ना? शहाण्यांनी ठरवलंय, त्यात तुम्ही कशाला डोकं घालता?" आणि मग जरा थांबून, "पण खरंच, का हो?"

पगार मिळत होता. तो गेला तर या वयात त्यांना दुसरी गाडी कोण देणार, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे ते गप्प राहिले, आणि गप्प राहणं एकदा जमलं की अंगवळणी पडतं.

मग एके सकाळी, वळणापाशी, वाळूचा ट्रक मागून आला. काकांनी हॉर्न वाजवला, दिवे लावले, खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले. ट्रक गाडीला वळसा घालून पुढे गेला आणि मुलांच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या कडेला लोंबणारा दोर चौकशीच्या दप्तरात अडकला. ती ओढली गेली, गरकन फिरली, दप्तराचा पट्टा तुटला आणि ती मातीत बसली. ट्रक थांबलासुद्धा नाही. त्या चालकाला काही झाल्याचं कळलंही नसेल.

काका गाडीतून उतरून तिच्याजवळ गेले. रक्षणाची गाडी मागे दिवा फिरवत उभी होती. तिचा काय उपयोग झाला हे त्यांना समजेना. मुलीला खरचटलंही नव्हतं. तिने आधी पट्टा पाहिला, मग काकांचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "काका, आईला सांगू नका हं. ती मला शाळेत पाठवणार नाही."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी हे फक्त काकूंना सांगितलं, तेही दिवा मालवल्यावर.

पुढच्याच रविवारी शाळेच्या दालनात सभा भरली. बस परत हवी म्हणून आईबापांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना बोलावून घेतलं होतं. सभेआधी साहेबांनी काकांना बाजूला घेतलं. "विचारलं तर सांगायचं, सगळं व्यवस्थित आहे. गाडीची अब्रू तुमच्या हातात आहे." ते गेले तोच मोठ्या बाई आल्या. "काका, तुम्ही रोज बघता. आज खरं बोला. तुमचं ऐकतील."

फाटा फुटला होता. पोरं धोक्यात आहेत म्हणावं तर मग तुम्ही काय करत होता, असं विचारणार, आणि नोकरी जाणार. सुखरूप आहेत म्हणावं तर बस कायमची जाणार. बरं, सुखरूप होती हेही काही खोटं नव्हतं. सगळी पोरं समोर दंगा करत होती. काकांना आपण नेमकं कोणत्या बाजूचे आहोत तेच कळेना.

बराच वादविवाद झाला. शेवटी अध्यक्षांनी हात वर केला. "भांडण कशाला? चालकालाच विचारू. काका, गाडी सुरू झाल्यापासून मुलांना काही झालं का?"

दुसऱ्या रांगेत इस्त्रीवाल्या बाई बसल्या होत्या. चौकशी त्यांना टेकून उभी होती आणि काकांकडे टक लावून बघत होती. साहेब बघत होते, मोठ्या बाई बघत होत्या, काकू तर डोळे वटारूनच बघत होत्या, पण काय सांगू बघताहेत ते काही काकांना उमगलं नाही.

"नाही," काका म्हणाले. "तसं काही झालं नाही."

चौकशीने सुटकेचा निःश्वास टाकला. काकांना वाटलं, चला, निदान एका माणसाचं तरी भलं केलं.

अध्यक्ष खूश झाले. काही झालं नाही, म्हणजे चालत येणं सुरक्षित आहे, म्हणजे बसची गरज नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. पण हिशेबी माणसं एकदा सुटली की थांबत नाहीत. पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं, की रस्त्यावर काही होतच नसेल तर तिथे गाडी तरी कशाला? नव्या उंच इमारतींच्या लोकांची तक्रार होती की फाटकासमोर अनोळखी माणसं रेंगाळतात. गाडी तिकडे गेली. काकाही तिच्याबरोबर गेले, पगार शाबूत. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं म्हणतात ते मुलांच्या बाबतीत खरं झालं. काकांचं मात्र काहीच गेलं नव्हतं, आणि तेच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

पहिल्या सकाळी ते शाळेच्याच रस्त्यावरच्या त्या इमारतींच्या फाटकासमोर गाडी लावून बसले. साहेबांनी जागेवरून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. शाळेची वेळ झाली. मुलं आली, आणि मागे कोणी नाही हे लक्षात येऊन रस्त्याच्या कडेला एकामागे एक चालू लागली. चौकशी रांग सोडून गाडीपाशी आली.

"काका, आज मागे येणार नाही?"

"नाही गं. आता इथेच."

"का?"

या वेळी काकांनी हॉर्न वाजवायला हात उचलला नाही. "मी सभेत सांगितलं ना, काही झालं नाही म्हणून."

"पण झालं होतं."

"तूच म्हणालीस, सांगू नका."

मुलीने कपाळाला आठ्या घातल्या. तिला खरोखरच कोडं पडलं होतं, चिडलेली नव्हती. "मी लहान आहे ना, काका," ती म्हणाली. "मी म्हणणारच तसं. तुम्ही का ऐकलंत?"

एवढं विचारून ती धावत रांगेच्या शेवटी गेली. एक मिक्सर तिच्या शेजारून घरघरत निघून गेला.

काका खाली उतरले. गाडीची किल्ली गाडीतच राहिली. ते धावले, आणि त्या वयात धावताना ते चांगले दिसत नव्हते. शाळेपर्यंत ते मुलांच्या बाहेरच्या अंगाने, ट्रकच्या बाजूने चालले. मागे गाडीतला वायरलेस साहेबांच्या आवाजात काहीतरी विचारत राहिला. मुलं फाटकातून आत गेल्यावर काका परत गाडीकडे वळले नाहीत. ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

इस्त्रीवाल्या बाई कॉलर दाबत होत्या. या वेळी, असे घामाघूम, गाडीशिवाय आलेले काका बघून त्यांनी इस्त्री उभी केली.

"काय हो, काका? काही झालं का?"

"हो, ताई," काका म्हणाले. "झालं होतं."