खाणीवरचं जेवण

"गुरुजी, चव बगा. आणि तोंडान सांगू नकात, माका तोंडावरना कळता."

रोज पावणेबाराच्या सुमारास काकी वर्गाच्या दारात उभी राहायची. एका हातात पळी, पळीखाली दुसऱ्या हाताचा तळवा. पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने शालेय जेवणाची चव घ्यायची, असा नियम आहे. मी फळ्याकडे पाठ करून खिचडीचा घास तोंडात टाकायचो. ती माझ्या कपाळाकडे बघत राहायची आणि मी बोलायच्या आत वळायची. "मीठ कमी झाला. घालतंय."

तुम्ही अशी बाई कुठल्या ना कुठल्या शाळेत बघितली असेल. सरकारी कागदात तिला 'स्वयंपाकी तथा मदतनीस' म्हणतात. नेमणुकीचा आदेश नाही, रजा नाही, मानधन इतकं थोडं की त्याला आम्ही पगार म्हणत नाही. आमची शाळा कसालपासून मालवणच्या दिशेने आत गेल्यावर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. काकीचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. साठीची बाई, नवरा गेलेला, मुलगी वैभववाडीला दिलेली. पोरं तिला काकी म्हणायची, पोरांचे बाप काकी म्हणायचे आणि मीही काकीच म्हणायचो.

तिची भाची मालवणात एका हॉटेलात भांडी घासते. काकीला तिथे स्वयंपाकाला बोलवत होते, इथल्या कितीतरी पट देत होते. ती चार दिवस जाऊन परत आली. मी विचारलं, "काय झाला?"

"पर्यटक पानात टाकतत, गुरुजी. आक्को मासो टाकतत. माका बगवणा नाय."

मी त्या शाळेत आलो तेव्हा आम्ही दोन शिक्षक होतो. माझा सोबती बदलून गेला आणि ती जागा भरलीच नाही. मग चारही वर्ग मीच, कार्यालयही मीच, मोबाइलवर माहिती भरणाराही मीच. स्वयंपाकघरातही हळूहळू असंच होत गेलं. भाजीचे पैसे उशिरा येऊ लागले. काकी परसातला लाल माठ, शेवग्याचा पाला, भोपळ्याची फोड पदराखालून आणू लागली. मग आठवड्याचं अंडं बंद झालं. पोरं विचारायची, "काकी, अंडा कधी?"

"कोंबड्यो संपार गेल्यो रे. तेंचा मागणा मान्य झाला काय येतल्यो."

पोरं हसायची. मीही हसायचो. हसल्यावर मला त्याबद्दल वरती काही लिहायची गरज वाटेनाशी व्हायची, हे मला आत्ता कळतं.

माझी एक खोड सगळ्यांत आधी तिने ओळखली. मी कुडाळचा, घरात सगळे नोकरदार. एरवी मी तिच्याशी मालवणीतच बोलायचो; पण कार्यालयाची काही गोष्ट सांगायची झाली की माझी भाषा आपोआप पुस्तकी व्हायची. एकदा भाजीचे पैसे का येत नाहीत ते मी तिला समजावून सांगत होतो. 'प्रस्ताव प्रलंबित आहे' वगैरे. तिने हातातला माठ निवडायचा थांबवला. "आता तुमी सायबाची भाषा बोलूक लागलास. म्हणजे कायतरी खोटा आसा."

दिवाळीनंतर सड्यावरची चिऱ्याची, जांभ्या दगडाची खाण सुरू झाली आणि घाटावरून, विजापूरकडून, कामगारांची बिऱ्हाडं आली. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी तीन मुलं उभी होती. नऊ-दहा वर्षांची रेणव्वा, तिच्या हाताला धरलेला एक भाऊ आणि कडेवर दुसरा. अंगावर तांबडी धूळ इतकी की केसांचा रंग कळत नव्हता. ती शाळेकडे बघत नव्हती. स्वयंपाकघरातून येणाऱ्या वाफेकडे बघत होती.

मी दोघांना वर्गात बसवलं; धाकट्यालाही हाकललं नाही. पण त्यांची आधार कार्डं नव्हती. कार्डाशिवाय नाव ऑनलाइन चढेना, आणि जे नाव चढत नाही त्याच्या वाटणीचा तांदूळ येत नाही. मी काकीला म्हटलं, "काकी, ती मुलं पटावर धरता येत नाहीत. आपल्याला मंजूर संख्येप्रमाणेच शिजवावं लागेल."

"भूक खंय धरतत ता सांगा," ती म्हणाली. "चुलीक कार्ड दाखवचा लागणा नाय."

त्या दिवसापासून खिचडी जरा सैल झाली. डाळीत पाणी वाढलं, परसातला भोपळा वाढला. कुणाचं ताट रिकामं राहिलं नाही. रेणव्वाला कानडीशिवाय काही येत नव्हतं. मी तिला 'अ' शिकवत होतो, पण ती पहिलं वाक्य काकीकडून शिकली. एका दुपारी ताट पुढे करून ती खणखणीत म्हणाली, "वाईच घाल गे!" काकी पळी हातात धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "बगलास गुरुजी? तुमच्या आदी माझी शाळा पावली."

शाळा समितीतल्या एका सदस्याला हे आवडलं नाही. एकदा तो व्हरांड्यात येऊन म्हणाला, "काकी, आमच्या पोरांच्या वाटणीचा त्या घाट्यांका कित्याक वाडतस?"

"तुझो झिल व्हॅनीत बसान इंग्लिश शाळेत जाता. हयली वाटणी तुझी कशी रे?"

तो निघून गेला, पण ते विसरला नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. जानेवारीत एका संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला की उद्या जेवणाची तपासणी आहे, हजर मुलं आणि ऑनलाइन संख्या जुळली पाहिजे. पटावर अकरा आणि ताटांवर चौदा, हे कसं दाखवायचं? खुलासा, नोटीस, थांबलेली वेतनवाढ, पुण्यात शिकणारा मुलगा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी मोटारसायकल काढली आणि खाणीवर गेलो.

चिऱ्याचे तुकडे रचून, वर निळं प्लास्टिक टाकून केलेल्या खोपटात रेणव्वाची आई भाकरी थापत होती. तिला मराठी येत नव्हतं. रेणव्वाला एव्हाना आमचं बोलणं कळू लागलं होतं. मी तिलाच सांगितलं, "आईला सांग, उद्या शाळेत येऊ नका." रेणव्वाने माझ्याकडे बघितलं, मग आईला कानडीत सांगितलं. आईने मान हलवली. का, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो, मला माहीत नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, तीस वर्षं मुलांना 'रोज शाळेत या' सांगत आलेला, आणि त्या मुलीच्या तोंडून तिलाच शाळेत येऊ नको म्हणून सांगून परत आलो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वहीवर सही केली, खिचडी खाल्ली, 'छान आहे' म्हणाले आणि अर्ध्या तासात निघून गेले. मुलं त्यांनी मोजलीच नाहीत.

काकीने वाढून झाल्यावर विचारलं, "खाणीवरची पोरां खंय?"

"आजारी असतील कदाचित," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ताटं गोळा करायला गेली.

त्यानंतरच्या दिवशीही मुलं आली नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. मी एका दिवसापुरतं सांगितलं होतं. पण ज्याला एकदा येऊ नको म्हटलं, तो परत कशाला येईल? तिसऱ्या दिवशी सगळ्यांचं जेवण झाल्यावर काकीने ॲल्युमिनियमच्या टोपात खिचडी काढली, वर ताट झाकलं, डोक्यावर चुंबळ ठेवून टोप चढवला आणि खाणीची वाट धरली. तासाभराने परत आली. टोप धुऊन पालथा घातला आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"पोरां बरी आसत. ताप नाय, काय नाय. रेणव्वान माका सगळा सांगल्यान."

मी वह्या तपासत होतो. त्याच तपासत राहिलो.

"जेवाण मी डोक्यार घेवन जातंय, गुरुजी. शाळा कशी न्हेव? तुमी सांगलास येव नको म्हणान, आता तुमीच जावन सांगा, येवा."

"बघतो. आधी त्यांच्या कार्डाचं काहीतरी करू."

ती रोज टोप घेऊन जात राहिली आणि परत आली की एकदा विचारायची, "गेल्लास काय?" मी म्हणायचो, उद्या जातो. शनिवारी जातो. केंद्राची बैठक झाली की जातो. खाण मोटारसायकलने सात मिनिटांवर होती. मी तिला जेवण न्यायची परवानगी दिली नाही आणि अडवलंही नाही. आयुष्यात मी बहुतेक गोष्टी अशाच केल्या आहेत.

शाळेचं जेवण शाळेबाहेर नेता येत नाही. त्या सदस्याने तेवढंच कागदावर लिहून वर पाठवलं. माझ्याकडून खुलासा मागवला. रात्रभर मी तीन मसुदे केले. एकात खरं लिहिलं होतं: ती मुलं माझ्या सांगण्यावरून घरी बसली आणि म्हणून जेवण त्यांच्याकडे गेलं. तो मसुदा मी फाडला. पाठवला तो असा: 'सदर बाब माझ्या निदर्शनास आलेली नव्हती.' आठवड्याभरात समितीने ठराव करून काकीला कमी केलं आणि दुसऱ्या बाईला घेतलं. ठरावाखाली सचिव म्हणून माझी सही आहे.

तिला सांगायचं काम माझ्याकडेच आलं. तिने विचारलं, "तुमी काय लिवलास ता वाचा."

मी वाचलं. एकच वाक्य, पण मला ते वाचायला वेळ लागला. ती पदराने हात पुसत उभी होती.

"बरा लिवलास," ती म्हणाली. "तुमची नोकरी रवली."

त्यात टोमणा नव्हता. मी तिच्या चेहऱ्यावर तो पुष्कळ शोधला. टोमणा असता तर मला रागावता आलं असतं.

जाताना फाटकाशी थांबून ती म्हणाली, "जेवाण मी आता माझ्या घरातला न्हेतलंय. पण पोरांका शाळेत घेवा. ता माझ्यान जमाचा नाय."

आणि ती खरंच न्यायला लागली. स्वतःच्या रेशनचा तांदूळ, स्वतःच्या परसातली भाजी. रोज साडेबाराच्या सुमारास ती शाळेसमोरच्या रस्त्याने जायची. आमची पोरं ताटावरून ओरडायची, "काकी! ओ काकी!" ती हात वर करायची, पण मान वळवायची नाही, कारण डोक्यावर भरला टोप असायचा. नवी बाई अगदी बेताचं शिजवायची. उरायचं नाही, कमीही पडायचं नाही. मी व्हरांड्यात असलो तर काकी दिसताच वर्गात जायचो. खिडकीतून मात्र बघायचो. परत येताना रिकामा टोप तिच्या काखेत असायचा आणि ती मोकळी चालायची, रस्त्यात कुणी भेटलं तर उभी राहून बोलायची. तेवढं बघितलं की मला बरं वाटायचं. मुलं आज जेवली. शाळेचं आपण उद्या बघू.

मार्च संपत आला होता. एका दुपारी ती गेली आणि नेहमीपेक्षा फारच लवकर परत येताना दिसली. टोप काखेत नव्हता. डोक्यावर होता, आणि मान तशीच ताठ होती.

मी खिडकीपासून उठलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्यासमोर फाटकाबाहेर आलो. ती थांबली. घाम कपाळावरून भुवयांपर्यंत आला होता, आणि दोन्ही हात टोपाला असल्यामुळे तिला तो पुसता येत नव्हता.

"काकी, टोप उतरवतंय मी. वाईच बसा."

"नको. एकदा उतारलो काय परत चढवचो नाय माझ्यान."

"पोरां?"

"गेली ती. हयलो चिरो संपलो. पाटे ट्रक इलो, सामान भरल्यानी नि गेली."

"खंय?"

"रत्नागिरीच्या अंगाक म्हणतत. शेजारची खोपटी पण मोडली. कोणाक इचारू?"

मी आज संध्याकाळी खाणीवर जाणारच होतो, असं काहीतरी मी बोललो. मुलांना परत बोलवायला. कार्डांचंही एकाशी बोलून ठेवलं होतं, असंही म्हणालो. ते मात्र खरं नव्हतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "भात गरम आसा. जातंय."

ती रस्त्याला लागली. व्हरांड्यातून पोरांनी हाका मारल्या; हात वर झाला नाही. पुढच्या महिन्यात ती वैभववाडीला मुलीकडे गेली आणि घराला कुलूप लागलं, पण ते नंतरचं. त्या दुपारी सड्यावरचं ऊन डोळ्यांवर येत होतं आणि मी फाटकाला धरून तिच्या पाठीकडे बघत उभा होतो. तीन मुलांचं जेवण डोक्यावर घेऊन ती सावकाश, एकेक पाऊल जपून टाकत घरी चालली होती, जसं काही ते अजून कुठेतरी पोचवायचंच होतं.