भरतीची रेषा

माझी आत्या नगररचना कार्यालयात तीस वर्षं नकाशे काढायची. समुद्रकाठच्या गोल्फ रिसॉर्टचा आराखडा मंजुरीला आला, तेव्हा त्यातली भरतीची रेषा तिला खटकली. कुणीतरी ती चांगली चाळीस पावलं समुद्राकडे ढकलली होती. आत्या ताकाला जाऊन भांडं लपवणारी नव्हती; तिने सरळ साहेबांना सांगितलं.

"बाई, तुम्ही आपल्या रेघा मारा," तिथेच बसलेला रिसॉर्टच्या कंपनीचा इंजिनिअर हसला.

मोठ्या भरतीच्या दिवशी तिने दोघांनाही किनाऱ्यावर नेलं. नकाशात जिथे हॉटेलचं दार होतं, तिथे साहेबांच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं. आराखडा परत गेला.

घरी येऊन आत्याने फक्त ओल्या चपला वाळत घातल्या. बाबा मात्र आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, "माझी बहीण आहे ती!"